जामीन, हजेरी आणि दाखला : करवीर प्रांतातील चारित्र्य-पडताळणीचा इतिहास

परदेशात कायम वास्तव्याचा परवाना मागणाऱ्या माणसाला आपल्या पूर्वायुष्याविषयी पोलिसांचे लेखी प्रमाणपत्र सादर करावे लागते. वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यानंतर, गेल्या दहा वर्षांत ज्या देशात सलग सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ राहणे झाले, त्या प्रत्येक देशाच्या पोलिसांचा दाखला कॅनडाचे सरकार मागते आणि थोड्याफार फरकाने ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथेही हाच प्रघात आहे. कोल्हापूर जिल्ह्यातून परदेशी गेलेल्या अभियंत्यांच्या, परिचारिकांच्या आणि संगणक-व्यावसायिकांच्या घरांत ‘पीसीसी’ या नावाने ओळखला जाणारा हा कागद आधुनिक दिसत असला, तरी परक्या मुलखात पाऊल ठेवणाऱ्याच्या वर्तणुकीची हमी कोणी द्यायची, हा प्रश्न करवीर म्हणजेच कोल्हापूर प्रांताच्या राज्यकारभारात तीनशे वर्षांहून अधिक काळ विचारला जात आहे आणि त्याची उत्तरे काळानुसार बदलत गेली आहेत.

मराठेशाहीत ही हमी कागदापेक्षा माणसावर अवलंबून होती. शिवकाळात सैन्यात नव्याने दाखल होणाऱ्या शिपायासाठी आधीपासून चाकरीत असलेल्यांचा जामीन घेतला जाई, म्हणजे त्याच्या वर्तनाची जबाबदारी दुसऱ्याने अंगावर घ्यावी लागे. गावपातळीवर ही जबाबदारी रामोशी, मांग, महार, बेरड अशा राखणदार जातींकडे होती. चोरी झाली की पावलांच्या खुणांवरून चोराचा माग काढत गावच्या शिवेपर्यंत जायचे, माग शेजारच्या गावात शिरल्याचे दाखवून द्यायचे आणि तेथून पुढचा शोध त्या गावाने घ्यायचा, अशी रीत होती. माग आपल्याच हद्दीत हरवला तर नुकसानभरपाईचा भार राखणदारावर व गावावर येई. पेशवाईतील पुण्यात शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवणे हे कोतवालाच्या कामांपैकी एक होते, तर चौक्या आणि घाट ओलांडण्यासाठी दस्तक, म्हणजे सरकारी प्रवासपरवाना, लागत असे. या व्यवस्थेत अनोळखी माणसाची पारख त्याला ओळखणाऱ्याच्या शब्दावर होई, आणि तो शब्द देणाऱ्याला खोटेपणाची किंमत स्वतः मोजावी लागत असल्यामुळे त्याला वजन होते.

परक्याला कायमचे राहू द्यावे की नाही, या प्रश्नाचा थेट विचार करणारा ग्रंथही करवीर दरबारातूनच आला. रामचंद्रपंत अमात्य यांनी १७१५ च्या सुमारास, करवीरचे छत्रपती दुसरे संभाजी यांच्या कारकिर्दीत सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्रा’त पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच इत्यादी टोपीकरांविषयी स्वतंत्र विवेचन आहे. अन्य सावकारांसारखे हे केवळ व्यापारी नव्हेत, त्यांच्या पाठीशी राज्यकर्ते उभे आहेत आणि मिळालेली जागा ते सहजी सोडत नाहीत, अशी कारणे देऊन अमात्य सुचवतात की त्यांना व्यापारापुरते येऊ-जाऊ द्यावे, वखारीला जागा देणे भागच पडले तर ती समुद्रकिनारी न देता आत मुलखात द्यावी आणि पक्की बांधकामे करू देऊ नयेत. आजच्या भाषेत सांगायचे तर तात्पुरता प्रवेश आणि कायम वास्तव्य यांत भेद करून, कायम वास्तव्याला परवानगी देण्यापूर्वी ती मागणाऱ्याचा हेतू तपासावा, असे हे धोरण होते. त्यात संशय वंशावर नसून टोपीकरांच्या दिसून आलेल्या वर्तनावर होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे, कारण पुढील शतकात नेमका हाच भेद पुसला गेला.

कंपनी सरकारचा प्रभाव वाढला तसा राखणदारीचा आधारच खचला. किल्ल्यांच्या शिबंदीचे जुने हक्क आणि जमिनींची व्यवस्था काढून घेतली जाऊ लागल्यावर १८४४ मध्ये सामानगडापासून गडकऱ्यांचा उठाव पेटला. तो मोडल्यानंतर किल्ल्यांवर पिढ्यान्‌पिढ्या पहारा देणाऱ्यांची चाकरी गेली. ज्यांच्या भरवशावर गाव झोपत असे, त्याच जातींकडे नवी सत्ता संशयाने पाहू लागली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातच जन्मतः गुन्हेगार ठरवण्याची मुभा सरकारला दिली आणि १९११ च्या सुधारित कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत पोहोचली. कोल्हापूर संस्थानातही ‘हजेरी’ची पद्धत होती. त्यानुसार महार, मांग, रामोशी, बेरड या जातींतील माणसांना गावच्या अधिकाऱ्यापुढे ठरल्याप्रमाणे हजर राहून नोंद करवून घ्यावी लागे. काही गुन्हा केला म्हणून हजेरी द्यावी लागत नव्हती, अमुक घरात जन्म झाला म्हणून द्यावी लागत होती. सबंध जातीच्या माथी लिहिलेला हा वाईट वर्तणुकीचा दाखलाच होता, आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय नव्हती.

१९१८ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी ही हजेरी बंद केली. महार वतन रद्द करून वेठीतून मुक्तता, कुलकर्णी वतनाच्या जागी पगारी तलाठी आणि त्या पदावर अस्पृश्य समाजातील तरुणांच्या नेमणुका हे निर्णयही त्याच काळातले असल्याने, हजेरीबंदीकडे सुटी घटना म्हणून पाहता येत नाही. कालपर्यंत ज्यांची नोंद चावडीत होत होती, त्यांच्यापैकी काहींच्या हाती आता चावडीचे दप्तर आले. फासेपारध्यांना संस्थानात नोकऱ्या देऊन स्थिर करण्याचा महाराजांचा प्रयत्नही याच विचारातून आला होता : माणसावर विश्वास टाकल्याखेरीज त्याला विश्वासपात्र ठरण्याची संधी मिळत नाही. ब्रिटिश मुलखातील गुन्हेगार जमाती कायदा रद्द व्हायला मात्र ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला.

परदेशगमनाची तपासणी त्या मानाने अलीकडची आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी विलायतेला जाण्यासाठी पारपत्राची सक्ती नव्हती. युद्धकाळात निर्बंध आले आणि १९२० च्या कायद्याने ते कायम झाले. संस्थानी प्रजाजनांची गणना तेव्हा ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’ अशी होत असे. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाल्यावर येथील रहिवासी इतर भारतीयांच्या रांगेत आले, तरी पारपत्र देणे न देणे बराच काळ सरकारच्या मर्जीवर राहिले. १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. त्यानंतर त्याच वर्षी पारपत्र अधिनियम आला आणि नकाराची कारणे कायद्यात लिहिली गेली. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्याबद्दल मागील पाच वर्षांत किमान दोन वर्षांची शिक्षा होणे आणि फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असणे, ही त्यांपैकी दोन कारणे होत. दोन्ही कारणे एका व्यक्तीच्या कृतीशी किंवा तिच्यावरील आरोपाशी बांधलेली आहेत. तिच्या जातीला वा गावाला त्यांत स्थान नाही.

आज कोल्हापूरचा अर्जदार पुणे प्रादेशिक पारपत्र कार्यालयाच्या कक्षेत येतो. सप्टेंबर २०२२ पासून पीसीसीसाठीचे अर्ज टपाल कार्यालयांतील पारपत्र सेवा केंद्रांतही स्वीकारले जाऊ लागले आहेत. अर्जाची चौकशी जिल्हा पोलीस कार्यालयामार्फत संबंधित ठाण्याकडे, मग ते राजारामपुरी असो, शाहूपुरी असो वा कागल, जाते; ठाण्याच्या अभिलेखात गुन्ह्याची नोंद आहे का हे पाहिले जाते, रहिवासाचे पुरावे तपासले जातात आणि गरजेप्रमाणे शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारले जाते. खेड्यात पोलीस पाटलाचा शब्द अजूनही उपयोगी पडतो. मुलकी पाटलाचे वंशपरंपरागत पद १९६० च्या दशकाच्या आरंभी संपले, पण पोलीस पाटलाचे पद १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने नेमणुकीच्या रूपात टिकवले. जामिनाची जुनी रीत अशा तऱ्हेने दप्तराच्या जोडीला उरली आहे.

या प्रक्रियेतील सर्वांत नाजूक जागा प्रलंबित खटल्याची आहे. ऊसदरासाठी रस्त्यावर उतरण्याची आणि टोलविरोधासारख्या प्रश्नांवर एकजुटीने उभे राहण्याची परंपरा असलेल्या या जिल्ह्यात, आंदोलनात नाव आलेला तरुण आणि सराईत गुन्हेगार हे दोघेही नोंदवहीत एकाच रकान्यात दिसू शकतात. १९९३ च्या अधिसूचनेनुसार न्यायालयाची परवानगी आणल्यास पारपत्राचा मार्ग मोकळा होतो, परंतु परदेशी सरकारपुढे निर्दोष नोंदीचा दाखला ठेवायचा तर खटला निकाली निघण्याची वाट पाहावी लागू शकते, आणि त्या विलंबाचे ओझे दोषी न ठरलेल्या माणसावर पडते.

येणाऱ्याची पारख करण्याचा यजमान देशाचा अधिकार नाकारता येत नाही. अमात्यांनी तो करवीर राज्यासाठी निःसंकोच सांगितला होता. परंतु जामीन, हजेरी आणि दाखला या तिन्ही टप्प्यांचा अनुभव सांगतो की तपासणी न्याय्य ठरते ती माणसाच्या कृतीपुरती मर्यादित राहिली, आरोप आणि दोषसिद्धी यांत फरक केला आणि चुकीच्या नोंदीविरुद्ध दाद मागता आली, तरच. हजेरी रद्द करणाऱ्या संस्थानाच्या भूमीत दिला जाणारा प्रत्येक दाखला याच कसोटीवर तपासला गेला पाहिजे, आणि तो मागणाऱ्या परदेशी कचेऱ्यांनाही हीच कसोटी लागू पडते.