विजयेचा हिशेब

महाशिवरात्रीला घोटभर भांग घेणारा गृहस्थ आणि देवळाच्या ओट्यावर चिलीम ओढणारा बैरागी यांना आपल्या समाजाने कधी एका मापाने मोजले नाही. वैद्याच्या बटव्यात तर ही वनस्पती 'विजया' या भारदस्त नावाने नांदली. कलकत्त्याच्या डॉ. ओशॉनेसी यांनी १८३९ साली धनुर्वातासारख्या रोगांवरील तिचे प्रयोग मांडले, तेव्हा विलायती डॉक्टरांनाही तिचे महत्त्व पटले.

पण औषध कोठे संपते आणि व्यसन कोठे सुरू होते? १८९३ साली विलायतेच्या पार्लमेंटात प्रश्न निघाला आणि सरकारने सात सभासदांचे कमिशन नेमले. त्याने हजाराहून अधिक साक्षी नोंदवल्या. मुंबई इलाख्यातही त्याची चौकशी झाली. नगर जिल्ह्यात त्या काळी गांज्याचे पीक निघत असे.

वेड्यांच्या इस्पितळांची दप्तरे तपासताना कमिशनला मोठी मौज आढळली. रोग्याला घेऊन येणारा पोलीस 'वेडाचे कारण' या रकान्यात बहुधा 'गांजा' लिहून मोकळा होई! १८९२ सालच्या अशा नोंदींची छाननी झाली, तेव्हा निम्म्याहून कमी टिकल्या. बेताचे सेवन सहसा अपायकारक नाही, अतिसेवन मात्र घातक, असा निर्वाळा १८९४ च्या अहवालाने दिला.

तथापि आज बेताने घेणारा उद्या अति का घेतो, हे त्या काळी उलगडणारे नव्हते. १९६४ साली इस्रायलमध्ये मेशुलम आणि गाओनी यांनी गांज्यातील मादक द्रव्य शुद्ध रूपात वेगळे केले. १९८८ साली मेंदूतील त्याचे ग्राहक सापडले, आणि १९९२ साली त्या ग्राहकांवर बसणारे शरीरातलेच द्रव्य. त्याचे नाव आपल्या 'आनंद' या शब्दावरून ठेवले गेले. रोजच्या सेवनाने हे ग्राहक कमी होतात. म्हणून तेवढ्याच वेदनेला अधिक मात्रा लागते. एकाएकी सोडले, तर झोप उडते, चिडचीड होते, अन्न गोड लागत नाही. सुमारे चार आठवडे संयम पाळला, तर ग्राहक बहुतांशी पूर्ववत होतात. सेवन करणाऱ्यांपैकी शंभरात सुमारे नऊजण पुढे त्याच्या आहारी जातात, असे १९९४ सालच्या अमेरिकेतील पाहणीत दिसले. रोज घेणाऱ्यांत हा धोका अधिक असतो.

कर्करोगावरील उपचारांनी होणाऱ्या ओकाऱ्या आणि काही हट्टी अपस्मार यांवर या वनस्पतीतील द्रव्यांचा उपयोग होतो, हे खरे. परंतु दुखणे तेच असून मात्रा वाढत चालली, तर घरच्यांनी ती गोष्ट डॉक्टरांच्या कानी घालावी. औषध म्हणून घेतले, एवढ्याने शरीर सूट देत नाही.