रक्त न येणारी हिरडी : तंबाखू, हिरड्या आणि इम्प्लांटचा इतिहास

"डॉक्टर, विडी ओढतो हे खरं. पण हिरडीतून आजवर कधी रक्त आलेलं नाही. मग इम्प्लांट बसवायला काय हरकत आहे?"

इम्प्लांटच्या आधी शुगर आणि बीपी तपासून घ्या, असं दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं की पेशंट आमच्यासारख्या फिजिशियनकडे येतात आणि हा प्रश्न हमखास विचारतात. प्रश्न साधा वाटतो. पण त्याचं उत्तर सापडायला वैद्यकशास्त्राला बरीच वर्षं लागली. ती हकिकत समजून घेतली, तर खर्च करून बसवलेला दात टिकेल की नाही, याचा अंदाज तुम्हाला स्वतःलाच येईल.

हकिमांची शंका

तंबाखू आपली नव्हे. ती अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांमधून आपल्या किनाऱ्यावर आली. १६०४च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबारात गेला होता. तिथे त्याला तंबाखू दिसली आणि त्याने ती बादशहासाठी नेली. अकबराने चिलीम तोंडाला लावली, तेव्हा दरबारातल्या हकिमांनी विरोध केला. ही वस्तू आपल्या ग्रंथांत नाही, तिचे गुणदोष माहीत नाहीत, मग ती बादशहांना कशी द्यायची, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखूवर बंदी घातली, पण ती टिकली नाही.

तंबाखू गावोगाव पोचली आणि आपल्याकडे तिने एक वेगळंच रूप घेतलं. तव्यावर भाजून, कुटून तिची मशेरी झाली. काही घरांत तिला मिसरी म्हणतात. सकाळी दात घासायला म्हणून सुरू होते आणि मग दिवसातून चार-पाच वेळा बोट हिरडीवर फिरत राहतं. "मशेरीने दात घट्ट राहतात" हा समज आजही आपल्या खानदेशात, विशेषतः वयस्कर बायकांमध्ये, पक्का आहे. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यावर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी आणली. घरच्या तव्यावर मात्र बंदी कोण घालणार?

कोपनहेगनहून पुणे जिल्ह्यात

तंबाखू आणि हिरड्यांचा आजार यांचा संबंध आकडेवारीने दाखवणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत डेन्मार्कचे डॉ. येन्स पिंडबोर्ग यांचं नाव येतं. त्यांचा अभ्यास १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. पण नंतरची कित्येक वर्षं बहुतेकांचं मत असं होतं की, सिगारेट ओढणारे लोक दात नीट घासत नाहीत म्हणून त्यांच्या हिरड्या बिघडतात. दोष ब्रशचा, धुराचा नाही.

याच पिंडबोर्ग यांनी पुढे आपल्या महाराष्ट्रात काम केलं. मुंबईच्या डॉ. सत्यवती शिरसाट यांच्यासोबत त्यांनी १९६६ मध्ये तोंड हळूहळू उघडेनासं होण्याच्या आजारावर, म्हणजे सबम्युकस फायब्रोसिसवर, महत्त्वाचा लेख लिहिला. हा आजार मुख्यतः सुपारीमुळे होतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंत संशोधन विभागातल्या डॉ. फली मेहता यांच्या पथकातही पिंडबोर्ग होते. या पथकाने महाराष्ट्रातल्या तब्बल १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडं तपासली. तोंडाचा कॅन्सर आणि त्याआधीचे चट्टे शोधणाऱ्या या पाहणीचे निष्कर्ष १९७२ मध्ये छापून आले. तंबाखू आपल्या माणसांच्या तोंडाचं काय करते, याची एवढी मोठी नोंद आपल्याच गावांतून झालेली आहे.

रक्त का येत नाही?

१९८०च्या दशकात स्वीडनमध्ये यान बर्गस्ट्रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गोष्ट दाखवून दिली. दातांवर सारखाच मळ असूनही धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून कमी रक्त येतं. म्हणजे ब्रशचा दोष हे स्पष्टीकरण पुरं पडत नव्हतं.

असं का होतं ते सांगतो. हिरडीला सूज येणं, ती लाल होणं, ब्रश लागताच रक्त येणं ही शरीराने वाजवलेली घंटा असते. जंतू आले की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पांढऱ्या पेशी धावून येतात. तंबाखूमुळे ही प्रतिक्रियाच दबते. निकोटीन रक्तवाहिन्या आकसवतं आणि पांढऱ्या पेशींची जंतू मारण्याची ताकद घटते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा अडवतो. जखम भरून आणणाऱ्या पेशीही मंदावतात. आत हाड झिजत राहतं आणि वरून हिरडी शांत, फिकट, घट्ट दिसते. मशेरीने दात "घट्ट" वाटण्यामागेही हे एक कारण असू शकतं. चोर घरात आहे, फक्त कुत्रं भुंकत नाही.

टायटॅनियमची गंमत

इम्प्लांटचा शोधही स्वीडनचाच. १९५२ मध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या हाडात टायटॅनियमचं छोटं उपकरण बसवून रक्तप्रवाहाचा अभ्यास करत होते. काम संपल्यावर ते उपकरण निघेना, कारण हाड त्याला एकजीव होऊन बसलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. १९८२च्या टोरांटो परिषदेनंतर ही पद्धत जगभर मान्य झाली. आज धुळे-जळगावच नव्हे, तर तालुक्याच्या गावीही इम्प्लांटची चौकशी होते.

पण एक फरक लक्षात ठेवा. नैसर्गिक दात हाडात थेट रुतलेला नसतो. त्याच्याभोवती धाग्यांचं अस्तर असतं, त्यातून रक्तपुरवठा होतो आणि हिरडीचे धागे दाताच्या मुळात शिरून त्याला घट्ट धरतात. इम्प्लांटला हे अस्तर नाही. हिरडीचे धागे त्याच्यात शिरत नाहीत, बहुतेक नुसते बाजूने उभे राहतात. म्हणून तिथली हिरडी रक्ताच्या बाबतीत आधीच गरीब असते. त्यात तंबाखूने रक्तवाहिन्या आकसल्या की मुळातली आवक आणखी कमी होते.

१९९३चे आकडे

क्रॉफर्ड बेन आणि पीटर मॉय यांनी १९९३ मध्ये ५४० पेशंटच्या २,१९४ इम्प्लांटचा हिशेब मांडला. धूम्रपान न करणाऱ्यांमध्ये ४.७६ टक्के इम्प्लांट फसले, तर करणाऱ्यांमध्ये ११.२८ टक्के. दुपटीहूनही जास्त.

हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं की, धूम्रपान करणाऱ्यांचेही बहुसंख्य इम्प्लांट टिकले. इम्प्लांट बसल्यावर काही वर्षांनी भोवतालचं हाड झिजतं, त्या आजाराबद्दल २०१७च्या जागतिक तज्ज्ञ बैठकीत चर्चा झाली. आधी होऊन गेलेला हिरड्यांचा आजार, अपुरी सफाई आणि नियमित तपासणीचा अभाव ही सर्वांत भक्कम कारणं ठरली. तंबाखूचा एकटीचा वाटा तेवढ्या ठामपणे सिद्ध झालेला नाही, असंही तज्ज्ञांनी नोंदवलं. पण मुळात हिरड्यांचा आजार वाढवण्यात तंबाखूचा हात आहेच. शिवाय हे अभ्यास बहुतेक सिगारेटचे आहेत. २०१६-१७च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करतात आणि २४.४ टक्के तंबाखू तोंडात धरतात. गुटखा-सुपारीने तोंडच उघडेनासं झालं, तर इम्प्लांट बसवायला हत्यार आत जायलाही जागा उरत नाही.

मग तुम्ही काय करायचं?

बेन यांनीच १९९६ मध्ये एक पथ्य सुचवलं : इम्प्लांटच्या किमान एक आठवडा आधी आणि नंतर आठ आठवडे तंबाखू पूर्ण बंद. हाड आणि टायटॅनियम एकजीव होण्याचा हा नाजूक काळ. अभ्यास छोटा होता, पण पथ्य पाळणाऱ्यांचे इम्प्लांट न पाळणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी फसले. कायमची सोडलीत तर उत्तमच. दोन महिने जमलं, तर पुढचंही जमतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विडी-तंबाखू सोडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत हिरडीतून रक्त येऊ शकतं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सोडल्यानंतर चार ते सहा आठवड्यांत हे रक्त वाढलेलं दिसलं. याच टप्प्यावर कित्येक जण घाबरतात. "ओढत होतो तेव्हा बरं होतं" म्हणतात आणि पुन्हा सुरू करतात. तसं करू नका. दबलेली घंटा पुन्हा वाजू लागली, एवढाच त्याचा अर्थ. दातांच्या डॉक्टरांकडून सफाई करून घ्या, ब्रश चालू ठेवा.

दातांच्या डॉक्टरांपासून काही लपवू नका. मशेरीही सांगा, कारण अनेक बायका "मी तंबाखू घेत नाही" म्हणतात आणि मशेरी त्यात धरतच नाहीत. शुगर असेल तर ती आधी आटोक्यात आणा, कारण मधुमेह आणि तंबाखू मिळून हिरडीचं दुप्पट नुकसान करतात. इम्प्लांट बसल्यावर दर सहा महिन्यांनी तपासणी चुकवू नका. सोडायला मदत हवी असेल, तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर फोन मोफत आहे.

आपल्याकडे मिरचीच्या पथारीवर, कापसाच्या बाजारात दिवसभर राबणाऱ्या माणसाला विडीचा झुरका म्हणजे घटकाभर विसावा वाटतो, हे मला कळतं. पण तोच माणूस वर्षाच्या कमाईतून बाजूला काढलेले पैसे इम्प्लांटला घालतो, तेव्हा ते पैसे वाचावेत असं मला वाटतं. म्हणून हिरडीतून रक्त येत नाही यावर विसंबू नका. आत हाड किती शिल्लक आहे, ते एक्स-रे काढून विचारा.