अफझलगंजातील क्लोरोफॉर्मचा वाद

चारमिनारकडून नव्या पुलावरून मुसी ओलांडली, की अफझलगंज लागते. नदीकाठी असलेली उस्मानिया इस्पितळाची घुमटदार इमारत तेथे प्रथम नजरेत भरते. या इमारतीच्या पूर्वी त्या भागात अफझलगंज इस्पितळ होते. 1908 च्या सप्टेंबरातील महापुराने ते उद्ध्वस्त केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. एडवर्ड लॉरी हे या इस्पितळात शस्त्रक्रिया करीत. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुखही तेच होते. टीका झाली असता मनुष्याने काय करावे, याचे एक चांगले आणि एक वाईट अशी दोन्ही उदाहरणे या एकाच गृहस्थांनी घालून दिली.

वाद होता क्लोरोफॉर्मविषयी. एडिंबरोच्या सिम्प्सन यांनी 1847 च्या नोव्हेंबरात हे औषध प्रचारात आणले, आणि शस्त्रक्रियेच्या यातनांतून माणसाची सुटका झाली. पण पुढच्याच जानेवारीत हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची इंग्रज मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिला असता दगावली. तेव्हापासून वैद्यांत दोन तट पडले. एक पक्ष म्हणे, हे औषध हृदयावर घाला घालते, म्हणून नाडीवर बोट ठेवा. एडिंबरोच्या साइम यांचा पक्ष म्हणे, नाडी राहू द्या, श्वासाकडे पाहा. लॉरी हे साइम यांचेच शिष्य. श्वास बिघडला तरच रोगी दगावतो, हृदयाला थेट धोका मुळीच नाही, असे ते आपल्या विद्यार्थ्यांना निक्षून सांगत. त्यांच्या हाताखाली हजारो रोग्यांना क्लोरोफॉर्म दिला गेला होता, तेव्हा त्यांच्या बोलण्याला अनुभवाचा आधार नव्हता असे म्हणता येणार नाही.

1888 साली त्यांनी हैदराबादेत एक समिती नेमून कुत्र्यांवर प्रयोग केले आणि आपले मत सिद्ध झाल्याचे जाहीर केले. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाला ते पटले नाही. ग्लासगोच्या समितीने 1880 साली नेमके याच्या उलट दाखविले होते. इतक्या दूरच्या गावातील प्रयोगांवर भिस्त ठेवून ते निष्कर्ष कसे बाजूला सारावेत, असा त्या टीकेचा रोख होता.

यावर लॉरी रुसून बसले नाहीत, की टीकाकाराच्या हेतूविषयीही बोलले नाहीत. टीकाकारानेच हैदराबादेस यावे आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, असे त्यांनी सुचविले. सहावे निजाम महबूब अलीखान यांनी त्यासाठी 1000 पौंड देऊ केले. टीकेला याहून सभ्य उत्तर सापडणे कठीण! ‘लॅन्सेट’ने डॉ. लॉडर ब्रंटन यांना पाठविले. हृदयरोगातील वेदनेवर अमिल नायट्राइटचा उपयोग 1867 साली दाखवून देणारे हेच ते ब्रंटन. क्लोरोफॉर्म हृदयाला घातक आहे, या मताचे ते होते. 1889 च्या अखेरीस कुत्री, माकडे, शेळ्या, घोडे असे चारशेहून अधिक प्राणी तपासले गेले. या कामात रूपाबाई फर्दूनजी याही होत्या. भूल देणाऱ्या जगातील पहिल्या स्त्री-वैद्यांत त्यांची गणना होते. रक्तदाबाचे आलेख काढले, त्यांची छायाचित्रे घेतली. आणि अखेर ब्रंटन यांनी लंडनला तार केली, की धोका श्वासावरोधाचा आणि अतिमात्रेचा आहे, हृदयाला थेट धोका नाही.

ज्याला खोडून काढावयास आलो त्याचेच म्हणणे ब्रंटन यांनी मान्य केले. इतके मनाचे मोठेपण विद्वानांत विरळा. मात्र पाहिले तेवढ्यावरून त्यांनी फारच मोठा निष्कर्ष काढला.

कारण वाद मिटला नव्हता. केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोअर यांनी 1893 साली निराळ्या पद्धतीचे प्रयोग करून क्लोरोफॉर्मचा परिणाम खुद्द हृदयावर होतो, असे दाखविले. टीकाकाराला सन्मानाने घरी बोलाविणारे लॉरी या खेपेस मात्र हट्टाला पेटले. एकदा विजय मिळाल्यावर नवा आक्षेप त्यांना आक्षेप न वाटता अपमान वाटू लागला असावा. 1901 साली क्लोरोफॉर्मवर पुस्तक लिहिले, तेव्हाही त्यांनी आपला पक्ष सोडला नाही.

उलगडा 1911 साली झाला. डॉ. लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांत दाखविले, की क्लोरोफॉर्मची भूल गाढ असताना नव्हे, तर हलकी असताना, विशेषतः भीतीने किंवा वेदनेने शरीरात ॲड्रिनलिन उसळले असता, हृदयाचे ठोके एकाएकी विस्कटतात आणि ते थांबते. क्षुल्लक शस्त्रक्रियांत, भूल पुरती लागण्यापूर्वीच येणाऱ्या मृत्यूंचा अर्थ यामुळे लागू लागला. लॉरी भूल गाढ देत आणि श्वासावरून नजर हलवीत नसत. त्यामुळे त्यांचे रोगी या संकटातून बहुधा सुटत, आणि त्यांचा सिद्धांत खरा वाटे. हैदराबादच्या प्रयोगांतही भूल बहुतेक गाढच होती; जे तेथे घडूच दिले नव्हते, ते ब्रंटन यांना दिसणार कसे? हॅना ग्रीनरच्या मृत्यूला तेव्हा 63 वर्षे झाली होती.