जिव्हाबंध व बालवाचापरीक्षण

जिभेच्या खालच्या बाजूस मध्यभागी असलेली श्लेष्मकलेची (बुळबुळीत अस्तराची) घडी जन्मतःच आखूड, जाड किंवा जिभेच्या टोकापर्यंत जोडलेली असल्यास जिभेची हालचाल मर्यादित होते. या विकृतीस जिव्हाबंध म्हणतात. मुलाचे सदोष बोलणे तिच्यामुळेच आहे की काय, हे ठरविण्याच्या पद्धतींचा इतिहास म्हणजे जिभेच्या आकाराकडून तिच्या कार्याकडे हळूहळू वळलेल्या लक्षाचा इतिहास होय.

ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) यांनी अस्पष्ट उच्चारांचा संबंध पुरेशा मोकळ्या नसलेल्या जिभेशी जोडला होता. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस यांनी दे मेडिसिना या ग्रंथात ही घडी कापण्याची कृती सांगितली व लगतच्या रक्तवाहिन्या जपण्याचा इशारा दिला. जखम भरल्यावर बहुतेक रुग्ण बोलू लागतात. परंतु जीभ दातांपलीकडे सहज काढता येऊ लागलेल्या एका रुग्णास वाचा आली नाही, असेही त्यांनी नमूद केले. या नोंदीचा बोध दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. यूरोपात अनेक सुईणी अर्भकाच्या जिभेखालची घडी नखाने तोडीत. १८४१ मध्ये बर्लिन येथील शल्यचिकित्सक योहान डीफेनबाख यांनी तोतरेपणावर उपाय म्हणून जिभेच्या मुळाशी छेद घेण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. तीमधील धोक्यांमुळे ती लवकरच मागे पडली.

विसाव्या शतकात वाचाचिकित्सा ही स्वतंत्र शाखा झाली. मॅकएनरी व गेन्स यांना १९४१ मध्ये १,००० वाचादोषी रुग्णांत जिव्हाबंध असलेले केवळ ४ आढळले. १९९३ मध्ये हेझलबेकर यांनी अर्भकांसाठी तयार केलेल्या पद्धतीत घडीचे स्वरूप व जिभेचे कार्य यांना वेगवेगळे गुण दिले. कॉटलो यांनी १९९९ मध्ये जिभेच्या मोकळ्या भागाच्या मिमी.मधील लांबीवरून वर्गीकरण केले. मात्र लांबीवरून उच्चार कळत नाहीत.

म्हणून वाचापरीक्षणात प्रथम श्रवणशक्ती तपासतात. नंतर मुलाचे वय लक्षात घेऊन शब्द व सहज संभाषण यांतील उच्चार नोंदवितात. त, द, न, ल, र यांसाठी जिभेचे टोक उचलावे लागते. प, ब, म ओठांनी, तर क, ग जिभेच्या मागील भागाने उच्चारतात. ‘काका’ ऐवजी ‘ताता’ म्हणणाऱ्या मुलाच्या जिभेचे टोक वर पोहोचतच असते. तेथे दोष जिव्हाबंधाचा नसतो. मराठीत ट, ड, ण, ळ हे मूर्धन्य वर्णही तपासावे लागतात. केवळ इंग्रजी शब्दसूची त्यासाठी पुरेशी नाही. भारतात या शाखेच्या शिक्षणास म्हैसूर येथे १९६५ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेमुळे चालना मिळाली [⟶ वाचादोष].

ब्राझीलने २०१४ मध्ये कायद्याने सर्व नवजात अर्भकांची जिव्हाबंधासाठी तपासणी अनिवार्य केली. याउलट, जिव्हाबंधाचा वाचेवर सामान्यतः परिणाम होत नाही, असे मत अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ञांच्या २०२० मधील सहमतिपत्रात व्यक्त झाले. जिभेच्या टोकाने होणारे उच्चारच सातत्याने सदोष असतील व हालचालही अपुरी असेल, अशा थोड्या मुलांत शस्त्रक्रियेचा विचार करतात. तीनंतरही रुळलेल्या चुकीच्या उच्चारांसाठी वाचाचिकित्सेची गरज राहू शकते.