शाळेचे प्रमाणपत्र आणि परिषदेची नोंदणी

शालेय वयातील मुलामुलींना आरोग्यसेवेतील कामांचे शिक्षण देण्याची कल्पना भारतात व्यवसाय शिक्षणाच्या धोरणाबरोबर, म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली, असे सामान्यतः मानले जाते. प्रत्यक्षात अल्पशिक्षित तरुणांना अशा कामांसाठी तयार करण्याची परंपरा मुंबई इलाख्यात कितीतरी जुनी आहे, फक्त तिचे स्थान शाळेत नसून रुग्णालयात होते. १८२६ मध्ये मुंबईत ‘नेटिव्ह डॉक्टर’, म्हणजे युरोपीय शल्यवैद्यांच्या हाताखाली काम करणारे देशी मदतनीस, घडवण्यासाठी एक वैद्यकीय शाळा निघाली. डॉ. जॉन मॅक्लेनन तिचे प्रमुख होते, शिक्षण देशी भाषांतून दिले जाई आणि त्यासाठी मराठीतून वैद्यकाचे पाठ्यग्रंथही तयार करण्यात आले. १८३२ मध्ये ही शाळा बंद झाली. १८४५ मध्ये सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजने इंग्रजीतून पूर्ण वैद्यकीय शिक्षण देण्याचा मार्ग धरला, तर कनिष्ठ दर्जाच्या वैद्यकीय सेवकांची गरज भागवण्याचे काम १८७८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या बी. जे. मेडिकल स्कूलकडे आले. वरच्या दर्जाचा डॉक्टर आणि त्याच्या हाताखालचा सेवक यांच्या शिक्षणाच्या वाटा येथेच वेगळ्या झाल्या, आणि पुढच्या शतकात शाळेने आरोग्यसेवेचे शिक्षण देऊ केले तेव्हा त्याला या दुसऱ्या वाटेचे कनिष्ठत्व आपोआप चिकटले.

स्त्रियांच्या बाबतीत ही हकिगत अधिक गुंतागुंतीची आणि अधिक मोलाची आहे. १८८६ मध्ये मुंबईत स्त्रिया व मुलांसाठीचे कामा रुग्णालय उघडले, आणि १८९१ मध्ये काशीबाई गणपत या जे. जे. रुग्णालयात परिचर्येचे, म्हणजे रुग्णशुश्रूषेच्या शास्त्राचे, शिक्षण घेण्यासाठी दाखल झाल्या. हे शिक्षण घेणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रिया म्हणून ज्यांचा उल्लेख होतो त्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. परंतु रुग्णालयाची दारे उघडली तरी त्या दारांपर्यंत पोहोचण्याइतके लेखन-वाचन अवगत असलेल्या स्त्रिया मोजक्याच होत्या, आणि ज्यांना होते त्यांच्या घरांतून परक्या पुरुषांच्या शुश्रूषेला संमती मिळणे दुरापास्त होते. ही अडचण नेमकी ओळखली ती १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने. रमाबाई रानडे यांच्या अध्यक्षतेखाली आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या संघटनकौशल्यावर उभ्या राहिलेल्या या संस्थेने विधवा व प्रौढ स्त्रियांचे राहून गेलेले प्राथमिक शिक्षण पूर्ण करून घेणे आणि त्यांतील काहींना ससून रुग्णालयात परिचारिका व सुईण म्हणून शिकण्यास पाठवणे ही दोन कामे एकमेकांना जोडली, त्या विद्यार्थिनींसाठी वसतिगृह चालवले आणि समाजाच्या दृष्टीने संशयास्पद असलेल्या या व्यवसायाला एका प्रतिष्ठित संस्थेचे पाठबळ दिले. सामान्य शिक्षण, व्यावसायिक प्रशिक्षण आणि उपजीविका यांची सांगड घालण्याची जी भाषा पुढे शासकीय आयोगांनी वापरली, तिचा प्रत्यक्ष प्रयोग पुण्यात पन्नास वर्षे आधीच झालेला होता. शिक्षणाच्या इतिहासात सेवासदनाची नोंद बहुधा केवळ समाजसुधारणेच्या प्रकरणात होते, हे त्या कार्यावर अन्याय करणारे आहे.

दरम्यान या क्षेत्रात नोंदणीची पद्धत आली. १९३५ मध्ये मुंबई प्रांतात परिचारिका व सुईणींच्या नोंदणीचा कायदा झाला आणि १९४७ च्या केंद्रीय कायद्याने भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली. अशा परिषदेची कामे साधारणतः दोन प्रकारची असतात: अभ्यासक्रमाचा दर्जा व प्रवेशाची पात्रता ठरवणे, आणि तो अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांनाच व्यवसाय करण्याचा अधिकार देणे. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी ही व्यवस्था आवश्यकच होती. पण तिचा एक परिणाम असा झाला की शिकवणारी संस्था कोणतीही असली तरी शिक्षणाला कामाची किंमत देणारी सत्ता शिक्षण खात्याच्या बाहेर राहिली.

स्वतंत्र भारतातील माध्यमिक शिक्षणाचा विचार करणाऱ्या मुदलियार आयोगाने (१९५२–५३) बहुउद्देशीय शाळांसाठी सात विषयगट सुचवले. त्यांत आरोग्यसेवेचा स्वतंत्र गट नव्हता. गृहविज्ञानाच्या गटात मातृत्व, बालसंगोपन आणि गृहपरिचर्या, म्हणजे घरातील आजारी माणसाची शुश्रूषा, यांना जागा मिळाली. आरोग्याचे ज्ञान शाळेत आले ते अशा रीतीने मुख्यतः मुलींपुरते आणि घराच्या उंबरठ्याच्या आत. त्याच काळात खेड्यापाड्यांतील प्रसूती व लसीकरणाचा भार उचलण्यासाठी साहाय्यक परिचारिका-प्रसाविका, म्हणजे सर्वत्र ‘एएनएम’ म्हणून ओळखली जाणारी सेविका, तयार करण्याचा अभ्यासक्रम सुरू झाला होता. तो दोन वर्षांचा होता आणि त्याला प्राथमिक शाळेच्या वरच्या इयत्तेपर्यंतचे शिक्षण पुरेसे होते, त्यामुळे घराबाहेर पगाराचे काम मिळवण्याचा तो ग्रामीण मुलीसाठी सर्वांत जवळचा मार्ग ठरला. १९७७ मध्ये त्याची मुदत अठरा महिन्यांवर आणून प्रवेशासाठी दहावीची अट घालण्यात आली, आणि २०१२ च्या सुमारास ती अट बारावीपर्यंत गेली. प्रत्येक वाढीमागे सेवेचा दर्जा उंचावण्याचा प्रामाणिक हेतू होता यात शंका नाही. तथापि आठवी-दहावीनंतर शाळा सोडावी लागणाऱ्या मुलीच्या बाजूने पाहिले तर हा मार्ग पायरीपायरीने तिच्यापासून दूर सरकत गेला.

शाळेच्या बाजूने या काळात नेमकी उलटी हालचाल चालू होती. कोठारी आयोगाने (१९६४–६६) दहावीनंतरच्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे निम्म्यांना पूर्णवेळ वा अर्धवेळ व्यवसाय शिक्षणाकडे वळवावे अशी शिफारस केली. १०+२ चा आकृतिबंध लागू झाल्यावर महाराष्ट्रात उच्च माध्यमिक स्तरावर प्रथम द्विलक्षी अभ्यासक्रम आले. त्यांत विद्यार्थी नेहमीच्या शाखेत राहून दुसरी भाषा व एक वैकल्पिक विषय यांच्याऐवजी दोनशे गुणांचा व्यवसाय विषय घेत असे, त्यामुळे उच्च शिक्षणाची वाट त्याला मोकळी राही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने १९९० पर्यंत १० टक्के व १९९५ पर्यंत २५ टक्के विद्यार्थी व्यवसाय शिक्षणाकडे नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि १९८८ मध्ये त्यासाठी केंद्रपुरस्कृत योजना सुरू झाली. त्या योजनेतून महाराष्ट्रात किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘एमसीव्हीसी’, आकाराला आले. भाषा आणि सामान्य पायाभूत अभ्यासक्रम यांना प्रत्येकी सुमारे १५ टक्के आणि व्यवसाय विषयाला ७० टक्के वेळ, अशी त्या योजनेची मांडणी होती. तांत्रिक, वाणिज्य, कृषी या गटांबरोबर येथे प्रथमच वैद्यकपूरक सेवांचा गट उभा राहिला. वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञ, नेत्रतंत्रज्ञ, बालसंगोपन यांसारखे विषय सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यांपुढे आले. रक्ताचा नमुना घेणे, काचपट्टीवर त्याचा पातळ थर पसरून तो रंगवणे, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजणे ही कामे कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होऊ लागली आणि उरलेला सराव जवळच्या रुग्णालयात.

हा अभ्यासक्रम मनापासून शिकवणाऱ्या शिक्षकांचे श्रम कमी लेखता येत नाहीत, पण त्याच्या रचनेतच एक कोंडी होती. सत्तर टक्के वेळ व्यवसायाला दिल्याने भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय विज्ञान शाखेच्या स्वरूपात राहत नसत, आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या पदविकांना किंवा परिचर्येच्या पदवीला तर नेमके तेच विषय लागत. ज्याने दोन वर्षे सूक्ष्मदर्शकापाशी घालवली, तो त्याच कामाच्या पदविकेला अपात्र, आणि ज्याने रुग्णालय आतून पाहिलेही नाही तो विज्ञान शाखेचा विद्यार्थी पात्र, असा हा उलटा न्याय होता. वयाचा प्रश्नही खरा होता. २००४ च्या अणुऊर्जा (प्रारण संरक्षण) नियमांनुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीला प्रारणाशी संबंधित कामावर नेमता येत नाही आणि सोळा वर्षांखालील व्यक्तीला प्रशिक्षणार्थी म्हणूनही घेता येत नाही; म्हणजे क्ष-किरण विभागातील काम बारावीच्या वयात शिकता आले तरी त्यावर लगेच नोकरी मिळेलच असे नाही. धोरणातील २५ टक्क्यांचे उद्दिष्ट गाठणे तर दूरच राहिले. १९९२ च्या कृतिकार्यक्रमाने त्याची मुदत २००० पर्यंत पुढे नेली आणि तीही उलटून गेली.

२०१३ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याने कौशल्यांची पातळीनिहाय श्रेणी ठरवली, आणि त्यानुसार ‘हेल्थकेअर’ हा विषय नववीपासून शिकवण्याची सोय झाली. रुग्णाला अंथरुणात कूस बदलून देणे, नाडी व तापमान मोजणे, हात धुण्याची योग्य पद्धत, जैववैद्यकीय कचऱ्याचे रंगानुसार वर्गीकरण असा त्याचा आशय आहे. घरी राहणाऱ्या रुग्णाची देखभाल करणारा साहाय्यक आणि रुग्णालयातील सर्वसाधारण सेवा साहाय्यक या त्याच्याशी जोडलेल्या भूमिका आहेत. मुदलियार आयोगाची गृहपरिचर्या येथे मुलगा-मुलगी हा भेद टाकून पगारी कामाच्या रूपात परत आली, ही या इतिहासातील स्वागतार्ह घटना होय. तरीही जुना पेच सुटलेला नाही. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या २०२१ च्या कायद्याने संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत विभागलेले किमान २००० तासांचे शिक्षण आवश्यक ठरवले, तर शाळेतील एका व्यवसाय विषयाला वर्षाकाठी दोन-तीनशे तासच मिळतात.

अशा स्थितीत भारतीय परिचर्या परिषदेचा एक नियम अपवाद म्हणून महत्त्वाचा ठरतो. सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्येच्या, म्हणजे ‘जीएनएम’च्या, तीन वर्षांच्या पदविकेसाठी परिषदेने बारावीला मान्यताप्राप्त मंडळाकडून आरोग्यसेवा-विज्ञान हा व्यवसाय विषय घेऊन इंग्रजीसह ४० टक्के गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांनाही पात्र मानले आहे. शाळेत शिकलेल्या विषयाला नोंदणीची पात्रता ठरवणाऱ्या संस्थेनेच प्रवेशनियमात स्थान दिल्याचे हे दुर्मीळ उदाहरण असून, प्रयोगशाळा, क्ष-किरण व नेत्रसेवा या शाखांच्या प्रवेशपात्रतेत असे कलम येणे आता नव्या राष्ट्रीय आयोगाच्या व त्याच्या राज्य परिषदांच्या निर्णयावर अवलंबून आहे.