शस्त्रामागून किरण

स्तनाच्या कर्करोगाची गांठ शस्त्रवैद्यानें काढून टाकली, जखम भरली, रुग्ण स्त्री घरीं गेली. एवढ्यानें रोग गेला काय? डोळ्यांस दिसणारी गांठ गेली हें खरें. परंतु सूक्ष्मदर्शकावांचून न दिसणाऱ्या कांहीं पेशी मागें राहिल्या असतील, तर त्यांचा नाश कशानें करावयाचा? ह्या प्रश्नाचें उत्तर मिळेपर्यंत असंख्य स्त्रियांना त्याची किंमत आपल्या देहानें द्यावी लागली.

अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील डॉ. विल्यम हॉल्स्टेड ह्यांनीं इ. स. १८९४ मध्यें आपल्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. हा रोग उगमापासून पायरीपायरीनें भोंवतीं पसरतो, अशी त्यांची समजूत होती. सबब शेतांतील तण मुळासकट खणावें त्याप्रमाणें संपूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायु व काखेंतील ग्रंथि हीं सर्व ते एकत्र कापून काढीत. त्यायोगें त्या जागीं रोग पुनः उद्भवण्याचें प्रमाण पुष्कळ घटलें, आणि पाऊण शतक हीच पद्धति प्रमाण मानली गेली. परंतु छाती खोलगट होई, हात सुजे, खांदा आखडे. आणि इतकें सोसूनहि कित्येक स्त्रिया पुढें दूरच्या अवयवांत उद्भवलेल्या रोगानें दगावत.

दरम्यान १८९५ मध्यें राँटगेन ह्यांनीं क्ष-किरणांचा व १८९८ मध्यें क्यूरी दंपतीनें रेडियमचा शोध लाविला होता. हे किरण पेशीच्या केंद्रांतील अनुवंशद्रव्याचे तंतु तोडतात. निरोगी पेशी ही मोडतोड बऱ्याच अंशीं दुरुस्त करूं शकते. कर्कपेशीस तें तितकेंसें साधत नाहीं, आणि विभाजनाच्या वेळीं ती मरते. म्हणूनच किरणांची मात्रा एकदम न देतां थोडी थोडी वांटून देतात.

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयांतील जेफ्री केन्स, हे प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ केन्स ह्यांचे धाकटे बंधु. त्यांनीं स्तन न कापतां त्यांत रेडियमच्या सुया टोचून ठेवण्याचा उपचार चालविला. रोग मर्यादित असलेल्या स्त्रियांत त्याचें फळ मोठ्या शस्त्रक्रियेच्या तोडीचें दिसतें, असें त्यांनीं १९३७ मध्यें मांडलें. मान्य करणारे थोडेच निघाले. १९३९ मध्यें महायुद्ध पेटलें, केन्स हवाई दलांत गेले, आणि काम खुंटलें. त्यांच्या पुराव्यांत एक उणीवहि होतीच. दोन्ही उपचारांच्या सारख्याच रुग्ण स्त्रिया शेजारीं ठेवून तुलना झालेली नव्हती.

ती तुलना इटलींतील मिलान शहरीं डॉ. उंबेर्तो व्हेरोनेसी ह्यांनीं १९७३ पासून केली. लहान गांठ असलेल्या ७०१ स्त्रियांपैकीं कोणावर हॉल्स्टेडची शस्त्रक्रिया व कोणावर अल्प शस्त्रक्रिया आणि किरण, हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरविलें. वीस वर्षांनीं दोन्ही गटांतील जीवितांचें प्रमाण सारखेंच निघालें. मात्र त्यांत किरणांचा वांटा किती, हें उमगत नव्हतें.

तें अमेरिकेंत डॉ. बर्नार्ड फिशर ह्यांनीं १९७६ मध्यें आरंभिलेल्या प्रयोगानें दाखविलें. तेथें गट तीन होते: पूर्ण स्तन काढलेला, केवळ गांठ काढलेला, आणि गांठ काढून किरण दिलेला. आपला स्तन राहणार कीं जाणार हें दैवावर सोपविण्यास त्या स्त्रिया राजी झाल्या, हें त्यांचें धैर्य थोर होय. १९९४ मध्यें एका सहभागी वैद्यानें कांहीं नोंदी खोट्या केल्याचें उघडकीस आलें. त्याच्या रुग्णांस वगळून हिशेब पुनः केला, तरी निष्कर्ष ढळला नाहीं. वीस वर्षांअखेर, गांठ काढलेल्या दर १०० स्त्रियांपैकीं किरण न घेतलेल्या सुमारें ३९ जणींच्या त्याच स्तनांत रोग परतला. किरण घेतलेल्यांत हा आंकडा सुमारें १४ होता. आयुर्मर्यादेंत तिन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाहीं.

मग किरणांनीं प्राण वांचतात कीं नाहीं? एका प्रयोगास न दिसणारा लहान फरक पुष्कळ प्रयोग एकत्र केल्यास दिसतो. २०११ मध्यें ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनीं १७ प्रयोगांतील १०,८०१ स्त्रियांचा एकत्र हिशेब मांडला. पंधरा वर्षांत ह्या रोगानें होणारे मृत्यु किरणांमुळें शेंकडा २५.२ वरून २१.४ वर उतरले होते. दहा वर्षांत टळलेल्या दर चार पुनरुद्भवांमागें पंधरा वर्षांअखेर एक जीव वांचला.

तथापि हें सर्वांस सारखें लागू नाहीं. ६५ वर्षांवरील, लहान गांठीच्या व संप्रेरकविरोधी औषध घेणाऱ्या स्त्रियांचा एक अभ्यास २०२३ मध्यें प्रसिद्ध झाला. दहा वर्षांत किरणांवांचून शेंकडा ९.५ व किरणांसह ०.९ स्त्रियांत रोग त्याच स्तनांत परतला. जिवंत राहण्याचें प्रमाण मात्र दोहोंकडे सुमारें ८१ होतें.

तात्पर्य, स्तनांत राहिलेल्या बहुतेक पेशी किरण मारतात. अगोदरच दूर गेलेल्यांस ते गांठूं शकत नाहींत, आणि जेथें पेशी राहिल्याच नाहींत तेथें त्यांस काम उरत नाहीं. आपली गणना कशांत होते हें जाणून निर्णय घेणें आज स्त्रीच्या हातीं आहे. एके काळीं भुलीचें औषध घेतांना, जागें झाल्यावर आपला स्तन असेल कीं नसेल, एवढेंहि तिला ठाऊक नसे.