पालैपत्मै आणि पन्हाळेकाजी

रोमन अवशेष म्हटले कीं इंग्रजी ग्रंथांवर पोसलेल्या मनापुढें संगमरवरी स्तंभ, स्नानगृहें आणि ओसाड नाट्यगृहें उभीं राहतात. रत्नागिरी जिल्ह्यांत यांपैकीं कांहींच नाहीं. तथापि रोमच्या व्यापाराच्या इतिहासांत हा जिल्हा आहे. आणि हा विरोध विचार करण्यासारखा आहे.

इ. स. च्या पहिल्या शतकांत मिसर देशांतील कोणा ग्रीक व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांचें एक वर्णन लिहून ठेविलें. त्यास 'पेरिप्लस' म्हणतात. चौल व कल्याण यांच्या पुढें त्यांत मंदगोर, पालैपत्मै, मेलिझैगर अशीं नांवें ओळीनें येतात. तीं बाणकोट, दाभोळ व जयगड यांचीं असावींत, असें कित्येक विद्वान मानतात. त्याच शतकांतील प्लिनी कुरकुर करतो कीं, हिंदुस्थान दरसाल निदान पांच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. घाटावर कोल्हापुरास, ब्रह्मपुरीच्या टेकाडांत, यवनांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, कांस्यमूर्ति सांपडली आहे. समुद्रापासून इतक्या दूर हा देव चढून आला, तो कोंकणच्या एखाद्या बंदरांतूनच आला असला पाहिजे.

दाभोळच्या खाडीस मिळणाऱ्या कोटजाई नदीच्या कांठीं, दापोली तालुक्यांत, पन्हाळेकाजी हें गांव आहे. तेथील २९ लेणीं पाहण्यास आम्ही हिंवाळ्यांतील एक दिवस दिला. इ. स. च्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास हीनयान बौद्ध भिक्षूंनीं येथें पहिल्या कोठड्या खोदिल्या. दहाव्या-अकराव्या शतकांत वज्रयानी आले. त्यांनीं महाचंडरोषणासारख्या उग्र देवतेची स्थापना केली. शिलाहारांच्या काळीं शिवलिंगें व गणपति आले. आणि त्यांच्याही मागून नाथपंथी आले व त्यांनीं चौऱ्यांशीं सिद्धांच्या मूर्ति कोरविल्या. हजार वर्षांहून अधिक काळ एकाच कातळांत एकामागून एक पंथ राहून गेले. जुन्या कोठडीला नवा देव मिळाला, पण कातळ तोच राहिला.

गांवांत सांपडलेल्या शके १०६१ च्या, म्हणजे इ. स. ११३९ च्या, ताम्रपटावरून असें कळतें कीं, शिलाहार राजा अपरादित्यानें आपला पुत्र विक्रमादित्य यास दक्षिण कोंकणावर नेमिलें, व त्याची राजधानी प्रणालक ही होती. प्रणालक तेंच आजचें पन्हाळें. पुराणवस्तुखात्याचे म. न. देशपांडे यांनीं या लेण्यांवर लिहिलेला ग्रंथ १९८६ सालीं निघाला, आणि मग विद्वज्जनांत त्यांची चर्चा वाढली.

तिसऱ्या प्रहरीं एका वृद्ध गृहस्थांनीं आम्हांस ओटीवर बसवून घेतलें. गवती चहाची पात घातलेला गुळाचा चहा आला, सोबत दडपे पोहे आले. लेण्यांच्या 'शोधा'ची गोष्ट निघतांच ते हंसून म्हणाले, "गुरुजी, शोध तुम्हांला लागला. आमच्या गुराख्यांना तीं ठाऊक होतींच."

या उत्तरांत इतिहासाच्या एका मोठ्या दोषावर बोट ठेविलेलें आहे. ज्यांच्या घराशेजारीं इतिहास उभा आहे, त्यांची जाण आपण ज्ञानांत धरीत नाहीं; आणि दोन हजार वर्षांपूर्वींच्या परक्या खलाशानें कानाला लागेल तसें लिहिलेलें नांव मात्र प्रमाण मानतों.

त्या खलाशाचा उपकार आहेच. पण व्यापार भिंती बांधीत नाहीं. तो रुचि बदलून निघून जातो. यवनांची मदिरा आली, आपलें मिरें गेलें; दोन्ही संपलीं. चहाचेंच पाहा. मूळचा चीनचा, इंग्रजांच्या व्यापारानें पसरलेला, आज कोंकणांतील प्रत्येक ओटीवर आहे. आणखी दोन हजार वर्षांनीं त्याची साक्ष फार तर कपाच्या खापरीनें द्यावी. वस्तीला आलेले मात्र कातळ कोरून ठेवतात. म्हणून पालैपत्मै कोठें होतें हा वाद विद्वानांनीं खुशाल चालवावा. पण कोटजाईच्या कांठीं कोण राहिलें, कशाची पूजा केली, गांवकरी त्या जागांस कोणत्या नांवांनीं हांक मारतात, हें आधीं टिपून घ्यावें. कातळ आणखी कांहीं शतकें थांबेल. ओटीवरचीं माणसें थांबणार नाहींत.